नकोशीचे जावईबापू

कळसच्या झुंबर आबांनी जेवण टाकलं, तेव्हा पहिला संशय सुनेच्या हाताच्या चवीवर आला.

सून म्हणजे नकोशी. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलेलं. लग्नात सासरच्यांनी ते बदलून तांदळात ‘स्वप्नाली’ असं नवं नाव काढलं. पण स्वप्नाली म्हणून हाक मारली की ती मागं वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधायची, आणि तिच्या नवऱ्याला, भिमाला, ते नाव ऐन वेळी आठवायचंच नाही. वर्षाच्या आत स्वप्नाली गेली आणि नकोशीच राहिली. अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत. ती हसायला लागली की कुंपणापलीकडं आमच्या घरातल्या कोंबड्या दचकायच्या.

आबा तिचे सासरे. सारा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. दिवाळी सरली की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढं मेंढरं विकली, विहिरीला पाणी लागलं, ऊस आला आणि भिमा कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागला. आबा ओट्यावर बसून राहिले. आधी काठी कुठं ठेवली ते विसरायला लागले, मग घराची वाट, आणि पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तर ताट पुढं आलं की तोंड फिरवून बसायला लागले.

“नको,” एवढंच म्हणायचे.

आत चुलीपाशी बसलेली नकोशी म्हणायची, “आले, आले!” आणि पदर सावरत बाहेर यायची.

“तुला न्हाय बोलावलं. नको म्हनलं.”

“मग मीच की ती. काय पायजे?”

पहिल्या वेळी हे खरोखर चुकून झालं. पण आबा त्यावर किंचित हसले आणि हसण्यासाठी तोंड उघडलं तेवढ्यात भाकरीचा एक तुकडा आत गेला. म्हणून मग ती रोजच असं करायला लागली. आठवडाभर चाललं. नंतर आबा तोंड मिटूनच हसायला शिकले.

घरात उपाय सुरू झाले. आबांची बायको साखरबाई, म्हणजे नकोशीची सासू, हाडकुळी आणि तिखट बाई. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, मग दातात कळ असेल म्हणून लवंग कोंबली. लवंग आबांनी चावून खाल्ली. घरातलं बाकी काहीच खाल्लं नव्हतं म्हणून ती लवंग खाल्ल्याचाच साखरबाईला आनंद झाला आणि तिनं आणखी मूठभर आणून ठेवल्या. भिमाचं मत वेगळं होतं. त्याला वाटायचं, आबांना ऐकू येत नाही. तो कानाशी जाऊन ट्रॅक्टर चालू असताना बोलावं तसा ओरडायचा, “आबा, जेवा! भाकर! कालवन! भात! काय पायजे? भाकर का भात? का दूध?”

आबा दोन्ही हातांनी कान झाकायचे. हात कानांवर, मग जेवणार कशानं?

शेवटी आबांना बारामतीला दाखवायला नेलं. भिमा, साखरबाई आणि नकोशी तिघंही गेले. दवाखान्यातली डॉक्टरबाई शांत होती. तिनं खुर्ची आबांच्या समोर ओढून घेतली.

“आबा, तुमचं नाव काय?”

“झुंबर.”

“मुलं किती तुम्हाला?”

आबा लाजले. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागले. डॉक्टरबाईनं पुन्हा विचारलं तेव्हा ते भिमाच्या कानाला लागून म्हणाले, “बाई शिकल्याली दिसती. पन लगीन व्हायच्या आधी असलं इचारत्यात व्हय कुनी?”

भिंतीला टेकून बसलेली साखरबाई ताडकन उठली. “लगीन व्हायच्या आधी? मग मी कोन हाय हितं?”

आबांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि हात जोडले. “रामराम मावशी.”

साखरबाई खाली बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. डॉक्टरबाईनं समजावून सांगितलं. हा मेंदूचा आजार आहे, माणूस मागं मागं जातं, बरं करणारी गोळी नाही. पण जेवण सुधारता येईल. ओरडू नका, आठवत नाही का असं विचारू नका. एका वेळी एकच पदार्थ पुढं ठेवा आणि एकच गोष्ट बोला. कुणीतरी शेजारी बसून त्यांच्याबरोबर जेवा, बघून बघून माणूस जेवतं.

“आणि ते ज्या गावात असतील ना, तिथं तुम्ही जा,” ती म्हणाली. “त्यांना ओढून इकडं आणू नका.”

भिमानं मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यानं नकोशीला हळूच विचारलं, “कंच्या गावाला जायाचं म्हनल्या त्या? एस.टी. जाती का तितं?”

दुसऱ्या दिवशी नकोशीनं स्वतःचं ताट आबांच्या शेजारी मांडलं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या घरात सून सासऱ्याच्या पंगतीला कधी बसली नव्हती. साखरबाईनं कपाळाला हात लावला आणि ती दारामागं गेली. नकोशीनं पदर पुढं ओढला, भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या कालवणात बुडवला आणि तोंडात घातला.

आबा तिरक्या डोळ्यांनी बघत होते. बराच वेळ बघितल्यावर हळू आवाजात म्हणाले, “सासूबाई, जावई उपाशी आन तुमी जेवताय? ही कंची रीत?”

नकोशीनं घास गालात धरला. तिनं इकडं तिकडं बघितलं. सासूबाई म्हणण्यासारखं जवळ कुणीच नव्हतं.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडं लग्नाच्या जेवणाला नवरदेव ताटावर रुसून बसतो. घड्याळ द्या, सायकल द्या, मगच घास उचलतो म्हणतो. सासुरवाडीची माणसं हातापाया पडतात, विनवण्या करतात, काहीतरी देतात, मग नवरदेव जेवतो. आबा जेवण टाकून बसले नव्हतेच. आबा रुसले होते! इतके दिवस ताटापुढं नवरदेव रुसून बसला होता आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

नकोशीनं मोठा श्वास घेतला.

“मग जावईबापू,” ती म्हणाली, “काय पायजे ते बोला की. आमाला कसं कळायचं?”

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, मांडी नीट घातली आणि म्हणाले, “घोडं.”

“घोडं?”

“थोरल्याला त्येच्या सासऱ्यानं दिलं. माझ्यात काय कमी हाय?”

“कायबी कमी न्हाय. द्यायचं ठरलंच हाय. अकलूजच्या बाजारातनं आनाया मानूस धाडलाय.”

“नक्की?”

“नक्की. पन घोडं नुसतं बघून चालतं व्हय? आवरायला अंगात जोर नको? एक तुकडा घ्या.”

आबांनी तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. दारामागं उभी असलेली साखरबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि रडता रडता तिला राग आला.

“ह्यो कवा रुसला ओ? आमच्या लग्नात कायबी रुसला न्हवता! रुसायला येळ कुठं मिळाला त्येला? सगळा येळ तोंड भरल्यालं! माझ्या बापानं मेंढी दिली, गपचिप घेतली. आन आता सुनंकडं घोडं मागतोय!”

पण नंतर चुलीपुढं बसून ती नकोशीला म्हणाली, “थोरल्या दिराकडं घोडं व्हतं खरं. ह्यो त्येला रोज पानी पाजायचा. मनात व्हतं तर एक डाव बोलायचं मला. सारा जन्म पोटात ठिवलं बग.”

त्या दिवसापासून नकोशी आपल्या सासऱ्याची सासू झाली.

ह्यात अडचणी बऱ्याच होत्या. आबा जेवायला बसण्याआधी तिच्या पाया पडायचे. ती उड्या मारून मागं सरकायची, आबा पुढं सरकायचे, आणि असं करत करत दोघं अंगणभर फिरायचे. शेवटी ती आधी आबांच्या पाया पडायची, मग आबा तिच्या पडायचे, आणि दोघांची डोकी आपटायची. भिमाला हे बघवत नव्हतं.

“बापाला फसवायचं व्हय असं?” तो एकदा म्हणाला. “त्येंला खरं सांगितलं पायजे.”

“सांगा की,” नकोशी म्हणाली आणि ताट त्याच्या हातात दिलं.

भिमा आबांपुढं बसला. ह्या खेपेला ओरडला नाही. मायेनं म्हणाला, “आबा, मी भिमा. तुमचा पोरगा. तुमचं लगीन होऊन लई वर्सं झाली.”

आबांनी घाबरून मांडवात बघावं तसं चहूकडं बघितलं. मग भिमाच्या गुडघ्यावर चापट मारून दबक्या आवाजात म्हणाले, “गप की गाढवा! अक्षदा पडायच्यात अजून, आन तू आत्ताच पोरगा म्हनून आलास? मानसं ऐकली तर पोरगी देत्याल का मला?”

भिमा उठला, ताट नकोशीकडं दिलं आणि ट्रॅक्टर धुवायला गेला. ट्रॅक्टर कालच धुतलेला होता.

घोडं मात्र वाटेतच राहिलं. रोज जेवणाला नकोशी त्याची बातमी सांगायची. आज अकलूजवरून निघालं. आज नीरा नदीवर पाणी प्यालं. इंदापुरात नाल ठोकायला थांबलं. निमगावात त्याला एका म्हातारीनं गूळ खाऊ घातला. घोडं जसजसं जवळ यायला लागलं तसतशी नकोशीची झोप उडायला लागली, कारण आलं की दाखवणार काय? मग घोडं खोगीर विसरलं म्हणून पुन्हा अकलूजला गेलं. आबांना ते पटलं. विसरायचंच, म्हणाले.

ह्या बातम्या सांगताना तिच्या लक्षात काय काय यायला लागलं. दोन भाज्या वाढल्या की आबांचा हात दोन्हींच्या मध्ये लटकत राहायचा, म्हणून एक संपली की दुसरी. पांढऱ्या भातावर पांढरं दही त्यांना दिसायचंच नाही, ताट रिकामं आहे म्हणायचे, म्हणून दह्यात थोडी चटणी. आणि ती बोलत असताना आबा चावायचं थांबायचे. म्हणून ती बातमी अर्धी सांगून थांबायची, घास गिळला की पुढची अर्धी. घोडं नदीच्या मधोमध उभं असायचं आणि आबा भराभर चावायचे, ते पार व्हावं म्हणून.

हळूहळू सगळ्या आळीला घोड्याची माहिती झाली. आम्हीसुद्धा कुंपणावरून विचारायचो, आज कुठवर आलं? एक दिवस पिठाच्या गिरणीवाला तात्याबा दळण द्यायला आला आणि मदत करावी म्हणून उत्साहानं म्हणाला, “आबा, तुमचं घोडं बघितलं मी! काय काळंभोर जनावर हाय!”

आबांचा घास हातातच राहिला. नकोशी इतके दिवस पांढरं सांगत आली होती.

“सासूबाई,” आबा थंड आवाजात म्हणाले, “घोडं बदललं तुमी.”

झालं! त्या दिवशी सांजपर्यंत आबा जेवले नाहीत. नकोशीनं तात्याबाला परत बोलावून आणलं आणि आबांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं की त्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तात्याबानं बिचाऱ्यानं जाताना खात्री पटावी म्हणून मुद्दाम दाराच्या चौकटीला टक्कर घेतली. आबांना त्याची दया आली. “तात्याबाला बी वाडा,” म्हणाले, आणि दोघं जेवले.

पुढच्या लग्नसराईत सांगवीला दिपालीचं लग्न निघालं. दिपाली म्हणजे साखरबाईच्या भावाची नात, कुंडलिकची मुलगी. सांगवी साखरबाईचं माहेर, तेव्हा जाणं भाग होतं. आबांना न्यायचं का, ह्यावर घरात तीन दिवस खल झाला. भिमाचं म्हणणं, नको. साखरबाईचं म्हणणं, माझ्या माहेरात माझा नवरा नको व्हय? नकोशीनं आबांचं धोतर नीळ घालून धुतलं.

भिमाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, खाली पेंढा आणि वर सतरंज्या टाकल्या, आणि आम्ही सगळी आळी वऱ्हाड म्हणून सांगवीला गेलो. ट्रॉलीतून उतरल्यावर आबांनी मांडव बघितला, सनई ऐकली, फेटा सारखा केला आणि ताठ चालायला लागले. गेल्या कित्येक महिन्यांत ते असे चालले नव्हते. आपण बरोबर ठिकाणी आलोय हे त्यांना कळलं होतं.

नवरदेव कोऱ्हाळे बुद्रुकचा शंभूराज. चांगला पोरगा, जरा भित्रा. अक्षता पडल्या आणि नवरदेवाची पंगत बसली. रांगोळी, पाट, शेजारी करवल्या, ताटात बुंदी. शंभूराजला सपाटून भूक लागली होती, पण मागं बसलेले मित्र त्याला टोचत होते. “हात लावायचा न्हाय. मोटारसायकल म्हन. रीतच हाय.” म्हणून शंभूराजनं पडेल आवाजात मोटारसायकल म्हटलं आणि बुंदीकडं बघत बसला.

कुंडलिकनं मनगटी घड्याळ आणून ठेवलं होतं. मोटारसायकलीचं नाव निघाल्यावर तो पांढरा पडला. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी समजावतंय, कुणी मिशा पिळतंय. एवढ्यात आबा गर्दीतून सरळ पुढं आले, नवरदेवाच्या शेजारच्या पाटावर बसलेल्या करवल्याला हातानं बाजूला सारलं, स्वतः बसले आणि ताटाकडं पाठ करून, गुडघा उभा धरून, फेटा डोळ्यांवर ओढून रुसले.

काय रुसले! एवढे महिने रोज दोन वेळा सराव केलेला माणूस. शंभूराज बघतच राहिला. आपलं रुसणं अगदीच कच्चं आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

थोड्या वेळानं आबांनी फेट्याखालून विचारलं, “तुला काय पायजे?”

“मोटारसायकल,” शंभूराज म्हणाला.

“ती काय खाती?”

“खात न्हाय. पेट्रोल लागतं.”

“मंजी चारा इकतचा?” आबांनी तोंड वाकडं केलं. “लेका, घोडं माग, घोडं. वाटंला चरतं.”

“घोडं घेऊन काय करू, आबा?”

“आन मोटारसायकल म्हातारी झाली, मंग? तुला वळखंल का ती?”

पंगतीत कुणीतरी फस्सकन हसलं. शंभूराजचे ओठ हलायला लागले, पण मित्रांनी मागून चिमटा काढला.

नकोशी बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आली. सगळ्या मांडवासमोर, व्याह्यांसमोर, तिला आता सासऱ्याची सासू व्हायचं होतं. तिचे कान लाल झालेले मी बघितले. दूर खांबाला धरून साखरबाई उभी होती. नकोशीनं तिच्याकडं बघितलं. साखरबाईनं हातानं खूण केली, कर, कर.

आणि नेमकं तेव्हाच मांडवाच्या दाराशी वरातीचं घोडं आलं. बँडवाल्यांबरोबर ठरवलेलं, डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरं. रंगानं पांढरं. खरं म्हणजे मळकट, पण पांढऱ्यात मोडेल असं.

नकोशीनं ते बघितलं आणि तिचा आवाज मांडवभर घुमला. “जावईबापू! घोडं आलं! दारात बांधलंय!”

आबांनी फेटा वर केला. उठले. मांडवातली माणसं आपोआप दोन बाजूंना झाली. आबा घोड्यापाशी गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला, कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. घोडंही हललं नाही. मग आबांनी घोड्याचं तोंड उघडून दात बघितले.

“म्हातारं हाय,” ते म्हणाले, “पन चालंल. मानसं शब्दाची हायती.”

परत येऊन ते ताटावर बसले आणि जेवायला लागले. बुंदी, वांग्याची भाजी, भात, पुन्हा बुंदी. शंभूराज त्यांच्या घासाबरोबर मान खालीवर करत होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं, मूठभर बुंदी उचलली आणि म्हणाले, “आ कर. माझं दिलं, तुझंबी देत्याल. उपाशी पोटी रुसू नये, चक्कर येती.”

शंभूराजनं आ केला. बुंदी आत गेली आणि त्याच क्षणी त्याला हसू फुटलं. बुंदीचे दाणे समोरच्या करवलीच्या साडीपर्यंत उडाले. मित्रांनी कपाळाला हात लावला. नवरदेवानं घास खाल्ला म्हणजे रुसवा मोडला, आता काही मागता येत नाही. कुंडलिकनं पळत येऊन घड्याळ शंभूराजच्या हातात बांधलं. घाईत उलटं बांधलं, पण बांधलं.

मग खरा घोटाळा झाला. जेवण आटोपून आबा घोड्याचा लगाम धरून उभे राहिले आणि सोडेनात. बँड वाजायला लागला, दिवस कलला, वरात खोळंबली. घोडेवाला म्हणाला, “आजोबा, माझं हाय ते.” आबांनी त्याला मायेनं सांगितलं, “तू चांगलं सांभाळत आनलंस. आता जेवून घे, जा.”

भिमा पुढं आला. इतका वेळ तो मांडवाच्या टोकाला तोंड लपवून उभा होता. त्यानं शंभूराजला विचारलं, “टॅक्टर चालंल का?”

शंभूराजचे डोळे चमकले. ट्रॉली सोडली, ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा बांधल्या, दिपालीला मडगार्डवर उशी टाकून बसवलं आणि शंभूराज स्वतः स्टिअरिंगवर बसला. सांगवीत अशी वरात आधी निघाली नव्हती. पुढं बँड, मध्ये ट्रॅक्टर आणि मागं आबा, घोड्याला हातात धरून पायी चाललेले. शेजारी घोडेवाला बुंदी खात चालला होता. देवळापर्यंत गेल्यावर आबा दमले. लगाम घोडेवाल्याच्या हातात देऊन म्हणाले, “ह्येला पानी दाव. मी जरा बसतो.” देवळाच्या पायरीवर बसले आणि तिथंच झोपून गेले.

घरी आल्यावर घोड्याचं नाव त्यांनी काढलं नाही. रुसणंही संपलं. नकोशीला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी ताट पुढं आलं आणि आबा दोन घास खाऊन थांबले. विचारलं तर लाजून म्हणाले, “बास. नव्या जावयानं लई खाऊ नये. हसत्यात.”

नकोशी डोक्याला हात लावून बसली. तेव्हा साखरबाई उठली. आत गेली, लुगड्याचा पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला, आणि येऊन आबांच्या डाव्या अंगाला पाटावर बसली. आबांनी चोरून बघितलं. नकोशीकडं झुकून कुजबुजले, “हीच का?”

“हीच,” नकोशी म्हणाली.

आबांनी आणखी थोडं वाकून पदराखाली बघायचा प्रयत्न केला. “जरा वाळल्याली हाय. पन चालंल.”

“चालंल म्हनं!” पदराखालून आवाज आला. नकोशीनं चिमटा काढला तेव्हा आवाज थांबला.

“नाव घेऊन घास द्या आता,” नकोशी म्हणाली. आबा विचारात पडले. माणसं, गावं, काठी, घर सगळं विसरलेला तो माणूस. आम्ही कुंपणापाशी श्वास धरून उभे. आबांनी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला, खाकरले आणि म्हणाले,

“घाट उतरला कळप, मागं राहिली शेरडी,
साखरीचं नाव घेतो, भूक लागली केवढी!”

त्यांना नाव आठवत होतं. समोर बसलेली बाई कोण ते माहीत नव्हतं, पण नाव आठवत होतं. साखरबाईनं पदर वर केला, तोंड उघडलं, घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आबा घाबरले.

“तिखाट झालं व्हय?” त्यांनी नकोशीला विचारलं.

“व्हय,” नकोशी म्हणाली. “जरा तिखाटच हाय ती.”

पुढं दोन पावसाळे आबा जगले. हळूहळू बोलणं गेलं. मग घोडं नाही, सासू नाही, नवरी नाही. नकोशी समोर बसून स्वतः आ करायची, तिचं बघून आबा आ करायचे. ती चावायची, ते चावायचे. घास तोंडातच राहिला तर साखरबाई त्यांच्या गळ्यावरून बोट फिरवायची. भिमाही आता आवाज न करता शेजारी बसून भाकरी कुस्करून द्यायचा, बारीक, पाखराला द्यावी तशी. सत्त्याण्णवच्या थंडीत एका दुपारी दूधभात खाऊन आबा कलंडले ते उठले नाहीत. पोट भरलेलं होतं, ह्याचं नकोशीला फार बरं वाटलं.

आबांच्या मागं साखरबाई महिनाभर सांगवीला भाच्याकडं, कुंडलिककडं, जाऊन राहिली. इकडं नकोशीला घर खायला उठलं. भांडायला कुणी नव्हतं. भिमाशी भांडून बघितलं, पण तो लगेच ट्रॅक्टर धुवायला जायचा. शेवटी तिनं एस.टी. पकडली, सांगवीला गेली आणि सासूचं गाठोडं उचलून म्हणाली, “चला, आत्या. पुरं झालं माहेर.”

येताना बारामतीपासून कळसपर्यंत दोघी भांडत आल्या. विषय होता वांग्यात शेंगदाण्याचा कूट आधी घालायचा का नंतर. आवाज चढत गेले. समोरच्या बाकावरची एक बाई घाबरून साखरबाईला म्हणाली, “लेक हाय व्हय ओ तुमची? लईच बोलती.”

“सून हाय,” साखरबाई म्हणाली आणि गाठोडं नकोशीच्या मांडीवर सरकवलं. “लेक असती तर मी इतकं ऐकून घेतलं असतं व्हय?”